आज्ञा आणि तिचें कारण

नागपूरची गांधीबाग ही कापडाच्या घाऊक व्यापाराची पेठ आहे, हें विदर्भांतील वाचकांस सांगावयास नको. लग्नसराईच्या तोंडावर गांवोगांवचे दुकानदार येथें येतात, ठाणांचे गठ्ठे बांधले जातात, आणि प्रत्येक गठ्ठ्यामागें कोठेंतरी एक नोंद होते. पूर्वीं ही नोंद वहींत होत असे. आज ती बहुधा संगणकावर होते. साधन बदललें, तरी नोंदीची मूळ रीत मात्र बदललेली नाहीं. कीर्द आणि खतावणी अशीं तिचीं दोन अंगें. दिवसभरांत जें जें घडलें, तें घडलें त्या क्रमानें कीर्दींत उतरावयाचें; आणि मग त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणींत नेऊन मांडावयाच्या. कीर्दींत नुसता आंकडा लिहून भागत नाहीं. रक्कम कोणाची, कोणाच्या हस्तें आली, कशाबद्दल आली, हा तपशील आंकड्याबरोबरच लिहावा लागतो. हिशेबासाठीं आज सर्वत्र वापरांत असलेल्या ‘टॅली’ ह्या प्रणालींतही नोंदीच्या खालीं ‘नॅरेशन’ म्हणून जी जागा ठेवलेली असते, ती ह्या तपशिलासाठींच.

ह्या तपशिलाची किंमत केव्हां कळते? नोंद करणारा मुनीम गादीवर बसलेला असतो तेव्हां नव्हे. तो नसतो तेव्हां. तीन वर्षांपूर्वींची एखादी रक्कम कां सोडून दिली, हें विचारावयास मनुष्य उरत नाहीं, आणि मग तो एका ओळीचा तपशीलच साक्ष देतो. आंकडा काय झालें तें सांगतो. तपशील तें कां झालें हें सांगतो. ह्याच विचारावर उभी राहिलेली एक रीत संगणकाच्या जगांत आहे. तिचें इंग्रजी नांव ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’. संस्कृत ग्रंथांच्या टीकेसह छापलेल्या आवृत्तीला आपण ‘सटीक’ म्हणतों. त्यावरून आम्ही ह्या रीतीस ‘सटीक आज्ञावली’ म्हणूं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या कामांत तिचा जन्म झाला, परंतु तिचा सर्वांत घरगुती उपयोग अगदीं लहान गोष्टींत होतो: आपल्या लिहिण्याच्या साधनाची मांडणी टिपून ठेवण्यांत. त्याच उपयोगाविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

लिहिण्याचें साधन व त्याची मांडणी

संगणकावर मजकूर लिहिण्याचीं साधनें पुष्कळ आहेत. निमंत्रणपत्रिका किंवा अर्ज सजवून छापावयाचा, तर ‘वर्ड’सारखें साधन बहुतेक घरांत परिचयाचें असतें. त्याहून निराळी जात ‘टेक्स्ट एडिटर’ ह्या साधनांची. हीं साधनें निव्वळ अक्षरें लिहितात. ठळकपणा, रंग, समास असल्या सजावटीचें अदृश्य ओझें त्यांच्या फाईलींत नसतें. म्हणूनच अशी फाईल वर्षानुवर्षांनींही कोणत्याही यंत्रावर उघडून वाचतां येते. ज्यांस आपलें लिखाण पुढच्या पिढीच्या हातीं जावें असें वाटतें, त्यांस हा गुण लहान वाटूं नये.

ह्या जातींतील एक जुनें आणि नामांकित साधन म्हणजे ‘ईमॅक्स’. १९७६ च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील ह्यांच्या हातून त्याचें पहिलें रूप तयार झालें. पुढें स्टॉलमन ह्यांनीं १९८५ मध्यें ‘ग्नू ईमॅक्स’ प्रसिद्ध केलें. तें विनामूल्य तर मिळतेंच, पण त्याचा आंतील प्रत्येक सांधा उघडा असून कोणासही तपासतां व बदलतां येतो. त्याचा मोठा भाग ‘लिस्प’ ह्या भाषेच्या एका बोलींत लिहिलेला आहे. लिस्प ही जॉन मॅकार्थी ह्यांनीं १९५८ मध्यें योजिलेली भाषा. आणि तिच्याच बोलींत आपण चार ओळी लिहिल्या, कीं ईमॅक्स आपल्या इच्छेप्रमाणें वागूं लागतें. ह्या ओळी एका फाईलींत ठेवावयाच्या असतात. ईमॅक्स सुरू होतांना प्रथम ती फाईल वाचतें आणि त्याप्रमाणें स्वतःस सजवितें. तिलाच ‘कॉन्फिगरेशन’ अथवा मांडणीची फाईल म्हणतात.

आरंभीं ही फाईल पांचदहा ओळींची असते. मग गरजेप्रमाणें ती वाढते. आज अक्षर मोठें हवें म्हणून एक ओळ, उद्यां मराठी कळपट हवा म्हणून दुसरी, परवां एखाद्या मित्रानें सुचविलें म्हणून तिसरी. दहा वर्षांनीं ती पांचशें ओळींची होते, आणि मग त्यांतील अर्ध्या ओळी कशासाठीं आहेत हें लिहिणाऱ्यासही आठवत नाहीं. काढाव्या तर कांहीं मोडेल ही भीति. ठेवाव्या तर नवीन आवृत्तींत त्याच आडव्या येतात. माळ्यावरच्या जुन्या सामानासारखी तिची गत होते.

आतां असें एक घर डोळ्यांपुढें आणूं. गांधीबागेच्या आसपासच्या जुन्या वस्तींतील वाडा. तीन पिढ्या एकत्र. निवृत्त झालेले थोरले काका आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत. अभियंता झालेल्या पुतण्यानें त्यांना ईमॅक्स बसवून दिलें, त्यांत देवनागरीची सोय केली, अक्षर मोठें केलें, आणि नोकरीनिमित्त तो हैदराबादेस गेला. काका रोज दोन पानें लिहितात. एके दिवशीं घरांतील कोणीतरी संगणक आवरावयास घेतो. प्रत्येक प्रकरणाच्या फाईलीशेजारीं तिच्याच नांवाची, शेवटीं एक नागमोडी रेघ असलेली जुळी फाईल त्याला दिसते. केर समजून तो त्या सर्व काढून टाकतो. पुढच्या आठवड्यांत काकांच्या हातून एक पान चुकून पुसलें जाऊन तसेंच साठविलें जातें. आदल्या वेळची प्रत ज्या फाईलींत असावयाची, ती तर केरांत गेलेली! पुतण्यानें सर्व कांहीं नीट केलें होतें. एक गोष्ट मात्र राहिली होती. आपण काय केलें आणि कां केलें, हें त्यानें कोणाला वाचतां येईल अशा रीतीनें लिहून ठेवलें नव्हतें. असें घर वाचकांच्या पाहण्यांत नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. साधन ईमॅक्स नसून दुसरें असेल एवढेंच.

विणणें आणि गुंतविणें

ह्या दुखण्यावरचा उपाय डोनाल्ड कनूथ ह्यांनीं सुचविला. कनूथ हे अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत प्राध्यापक होते. संगणकाच्या गणितावरील त्यांच्या बृहद्ग्रंथाचा पहिला खंड १९६८ मध्यें निघाला. पुढें दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें त्यांच्या हातीं आलीं, तेव्हां त्यांतील अक्षरजुळणी त्यांस इतकी कुरूप वाटली, कीं १९७७ मध्यें ग्रंथ बाजूस ठेवून ते अक्षरजुळणीचीच प्रणाली रचावयास बसले. ‘टेक्’ ह्या नांवानें ती पुढें जगभर गणिताच्या छपाईंत रूढ झाली. हें काम करीत असतांना त्यांच्या ध्यानांत आलें, कीं आज्ञावली ही केवळ यंत्रासाठीं लिहावयाची वस्तु नव्हे. ती माणसानें माणसासाठीं लिहावयाचा निबंध आहे, आणि यंत्रानें त्यांतून आपल्यापुरतें काढून घ्यावें. हा विचार त्यांनीं १९८४ मध्यें ‘द कॉम्प्युटर जर्नल’ ह्या नियतकालिकांत ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ ह्याच मथळ्याखालीं मांडला.

त्यांनीं केलेल्या प्रणालीचें नांव ‘वेब’. विणलेलें वस्त्र आणि कोळ्याचें जाळें हे दोन्ही अर्थ त्या इंग्रजी शब्दांत आहेत. लेखकानें एकच फाईल लिहावयाची. तिच्यांत माणसाच्या भाषेंतील विवेचन आणि यंत्राच्या भाषेंतील आज्ञा शेजारीं शेजारीं असावयाच्या. ह्या एका फाईलींतून दोन वस्तु निघतात. ‘वीव्ह’, म्हणजे विणणें, ह्या क्रियेनें माणसाला वाचावयाचा छापील ग्रंथ निघतो. ‘टँगल’, म्हणजे गुंतविणें, ह्या क्रियेनें विवेचन गळून पडतें आणि केवळ आज्ञा यंत्राला हव्या त्या क्रमानें बाहेर येतात. ह्या दुसऱ्या वस्तूला गुंता म्हणण्यांत कनूथ ह्यांचा विनोद आहे. कारण ती माणसानें वाचावी अशी अपेक्षाच नसते. आयुष्य कापडांत घालविणाऱ्या पेठेला हीं दोन नांवें समजावून सांगावीं लागणार नाहींत. एकाच सुताचें वस्त्रही होतें आणि गुंताही होतो. कोणाला काय हवें, एवढाच प्रश्न.

आरंभीं सांगितलेली कीर्द-खतावणी येथें आठवावी. कीर्द घडल्या क्रमानें आणि तपशिलासह. खतावणी खात्यांच्या क्रमानें. मूळ लेखन एक, त्यावरून दुसरें उतरलें जातें, आणि संशय आला तर मुळाकडे जावयाचें. फरक इतकाच, कीं खतावणी उतरतांना कारकुनाच्या डोळ्यास चूक दिसूं शकते; यंत्र मात्र मुळांत असेल तें निमूटपणें उतरवितें.

कनूथ ह्यांनीं हा केवळ उपदेश केला नाहीं. टेक् प्रणालीची सगळी आज्ञावली त्यांनीं ह्याच रीतीनें लिहून १९८६ मध्यें सुमारें सहाशें पानांच्या ग्रंथाच्या रूपानें छापली, आणि तींत चूक दाखवील त्यास बक्षीस लावलें. बक्षिसाची रक्कम प्रतिवर्षीं दुप्पट होत होत ३२७ डॉलर ६८ सेंट इतकी झाली व तेथें ती स्थिर केली. आपली आज्ञावली सर्वांसमोर उघडी मांडून चूक काढण्याचें आव्हान देणें, हें तिचें कारण ओळीओळीला सांगितलें असेल तरच शक्य असतें.

आपल्या परंपरेंतील नातें

सूत्र थोडक्यांत सांगावें आणि भाष्यानें तें उलगडावें, ही रीत आपल्या घरांत नवी नाहीं. पाणिनीच्या अष्टाध्यायींत सुमारें चार हजार सूत्रें आहेत. त्यांची रचना इतकी आंखडती आहे, कीं कित्येक पंडितांनीं तिची तुलना संगणकाच्या आज्ञावलीशीं केली आहे. परंतु नुसत्या सूत्रांवर विद्या टिकली नाहीं. पतंजलीचें महाभाष्य सोबतीला आलें, आणि त्या भाष्याच्या आरंभींच व्याकरण कशासाठीं शिकावयाचें, ह्या प्रयोजनाची चर्चा आहे. कारण आधीं, नियम मागाहून.

विदर्भाच्या मातींतलें उदाहरण पाहिजे, तर महानुभाव पंथाचा दृष्टान्तपाठ घ्यावा. रिद्धपूर हें ज्या पंथाचें मोठें स्थान, त्या पंथांत तेराव्या शतकांत केशिराजांनीं चक्रधरांचे दृष्टान्त एकत्र केले. त्यांत आधीं सूत्र, मग दृष्टान्त, आणि मग तो दृष्टान्त मूळ सूत्रास कसा लागू पडतो हें सांगणारा दार्ष्टान्तिक, अशी मांडणी आहे. सूत्र एकटें सोडलेलें नाहीं. मराठी गद्याच्या आरंभकाळींच ही दूरदृष्टि होती, ह्याचा आपणांस अभिमान वाटावा.

तथापि एक भेद ध्यानांत ठेवावा. आपल्याकडे सूत्रकार एक आणि भाष्यकार बहुधा दुसरा. दोघांच्या मध्यें कित्येकदां शतकांचें अंतर. सटीक आज्ञावलींत सूत्रकारानेंच, सूत्र लिहीत असतां, त्याच बैठकींत भाष्य लिहावयाचें असतें. कारण मनांत ताजें असतें तें त्याच क्षणीं. उद्यां तें अंदाजानें लिहावें लागतें.

प्रत्यक्ष कृति

आतां ही रीत ईमॅक्सच्या मांडणीस कशी लावतात तें पाहूं. नेदरलंड्समधील अॅम्स्टरडॅम विद्यापीठांतील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक ह्यांनीं २००३ मध्यें ‘ऑर्ग मोड’ नांवाची एक जोड ईमॅक्ससाठीं लिहिली. तिचा मूळ हेतु टिपणें व कामांच्या याद्या ठेवण्याचा होता. पुढें एरिक शुल्ट व डॅन डेव्हिसन ह्यांनीं तिला ‘बेबल’ नांवाचें अंग जोडलें. त्यायोगें साध्या टिपणाच्या मध्येंच आज्ञांचा तुकडा लिहितां येऊं लागला, आणि २०१० पासून तें ऑर्ग मोडचा नित्याचा भाग झालें. आज ईमॅक्स बसविलें कीं हें सर्व त्याबरोबरच येतें. निराळें कांहीं आणावें लागत नाहीं.

कृति सोपी आहे. ऑर्ग जातीची एक फाईल उघडावयाची. ओळीच्या आरंभीं एक तारका घातली कीं ती ओळ मथळा होते. दोन तारका घातल्या कीं पोटमथळा. मथळ्याखालीं आपल्या मराठींत विवेचन लिहावयाचें. मग ‘येथून आज्ञा सुरू’ अशा अर्थाची एक ठराविक ओळ, तिच्याखालीं लिस्पमधील आज्ञा, आणि ‘येथें आज्ञा संपली’ अशी दुसरी ठराविक ओळ. ह्या तुकड्यांतील आज्ञा कोणत्या फाईलींत उतरावयाच्या, हें आरंभींच्या खुणेंतच सांगतां येतें. लिहून झालें, म्हणजे ‘कंट्रोल’ दाबून ‘सी’, पुन्हा ‘कंट्रोल’ दाबून ‘व्ही’, आणि नंतर नुसती ‘टी’ ही कळ दाबली, कीं विवेचन मागें राहतें व आज्ञा तेवढ्या मांडणीच्या फाईलींत उतरतात. हेंच तें गुंतविणें. उलट ऑर्गच्या निर्यातीच्या सोयीनें त्याच मूळ फाईलीचें सुबक छापील पुस्तक निघतें, तें विणणें.

काकांच्या घरासाठीं अशा फाईलींतील तीन मथळे कसे असावेत, त्याचा नमुना देतों.

पहिला मथळा: ‘मराठी कळपट’. त्याखालीं असें लिहावें: “काका इन्स्क्रिप्ट पद्धतीनें टंकन शिकले आहेत, धाकट्या वहिनींस इंग्रजी उच्चारावरून मराठी लिहिण्याची संवय आहे. ह्या यंत्रावर मुख्य लेखन काकांचें, म्हणून इन्स्क्रिप्ट ठेवलें आहे. वहिनींस हवें असेल तेव्हां खालच्या ओळींतील नांव बदलून ‘देवनागरी-आयट्रान्स’ करावें. इतर कशास हात लावूं नये.” आणि खालीं आज्ञेची एकच ओळ. इन्स्क्रिप्ट ही १९९१ च्या भारतीय मानकांत समाविष्ट असलेली कळांची रचना होय. तींत स्वर डाव्या हातास व व्यंजनें बहुतांशीं उजव्या हातास येतात. ‘के’ कळेवर क, ‘डी’ कळेवर हलन्त, ‘जे’ कळेवर र, म्हणून ह्या तीन कळा क्रमानें दाबल्या कीं ‘क्र’ उमटतो. एवढेंही त्या मथळ्याखालीं लिहून ठेवलें, तर नवशिक्याची सोय होते.

दुसरा मथळा: ‘ओळींतील अंतर’. “देवनागरींत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खालीं उकार येतात. रोमन लिपीच्या मानानें ठेवलेल्या ओळी काकांच्या चष्म्याला एकमेकींवर चढलेल्या दिसतात. म्हणून अंतर वाढविलें आहे. यंत्र बदललें व पडदा मोठा आला, तर हा आंकडा पुन्हा पाहावा.”

तिसरा मथळा: ‘जुळ्या फाईली’. “ईमॅक्स कोणतीही फाईल उघडून प्रथम साठवितांना तिची आधींची प्रत नांवाच्या शेवटीं नागमोडी रेघ लावून बाजूस ठेवतें. ह्या प्रती मूळ फाईलींच्या गर्दींत केरासारख्या दिसतात. म्हणून त्या सर्व ‘जुन्या प्रती’ नांवाच्या एका निराळ्या कप्प्यांत जाव्यात अशी आज्ञा दिली आहे. तो कप्पा रिकामा करूं नये. काकांच्या हातून कांहीं पुसलें गेल्यास तेथेंच पाहावें.” ह्या पांच वाक्यांनीं कुलवृत्तांताचें तें पान वांचलें असतें.

नमुन्यांतील एक गोष्ट वाचकांनीं पाहिलीच असेल. आज्ञा काय करते ह्यापेक्षां ती कां दिली, कोणासाठीं दिली, आणि केव्हां ती बदलावी, ह्यावर भर आहे. ‘ह्या ओळीनें अंतर वाढतें’ असें लिहिणें म्हणजे आंकडा अक्षरीं पुन्हा लिहिण्यासारखें आहे. त्यानें माहिती वाढत नाहीं. आजीच्या वहींत लोणच्याच्या कृतींत ‘मीठ भाजून घ्यावें’ एवढेंच असेल, तर घाईच्या दिवशीं सून तें वगळील. ‘मिठांतील ओल गेली नाहीं तर लोणच्यास बुरा येतो’ हें शेजारीं असेल, तर ती वगळणार नाहीं.

कारण लिहिल्याचा आणखी एक लाभ असा, कीं तें संपलें म्हणजे आज्ञाही निर्धास्तपणें काढून टाकतां येते. समजा, कोणीं २०१५ मध्यें जोडाक्षरें फुटून दिसतात म्हणून एखादी तजवीज केली. २०२० मध्यें निघालेल्या ईमॅक्सच्या सत्ताविसाव्या आवृत्तींत ‘हार्फबझ’ ह्या अक्षरजुळणीच्या यंत्रणेची सोय आली, आणि ती जिच्यांत आहे अशा प्रतींत जोडाक्षरें जुळविण्याचें काम तीच करते. तजविजीचें कारण लिहिलेलें असेल, तर ती आतां निरुपयोगी झाली कीं नाहीं हें पाहून काढतां येते. कारण नसेल, तर ती ओळ भीतीपोटीं पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते. रूढींच्या बाबतींतही असेंच घडतें, हें सुज्ञ वाचकांस निराळें सांगावयास नको.

आक्षेप आणि पथ्यें

ह्या रीतीची दुसरी बाजू सांगितली नाहीं तर लेख एकांगी होईल. १९८६ मध्येंच तिच्यावर एक प्रसिद्ध आक्षेप आला. जॉन बेंटली ह्यांनीं एका नियतकालिकांतील आपल्या सदरासाठीं कनूथ ह्यांस एक कोडें घातलें: दिलेल्या मजकुरांत सर्वांत अधिक वेळां आलेले शब्द मोजून दाखवावेत. कनूथ ह्यांनीं पुष्कळ पानांची सुंदर सटीक आज्ञावली लिहिली. तिचें परीक्षण करणारे डग्लस मॅकिल्‌रॉय ह्यांनीं तिची वाखाणणी केली. पण आधींच तयार असलेल्या लहान साधनांची सांखळी जोडून तेंच काम सहा ओळींत करून दाखविलें. ह्यांतून घ्यावयाचा बोध असा, कीं सुंदर भाष्य हें अनावश्यक सूत्राचें समर्थन होऊं शकत नाहीं. मांडणींतही तेंच. ईमॅक्स मुळांत जसें येतें तसें चालत असेल, तर त्या जागीं एकही ओळ लिहूं नये. उत्तम मांडणी ती, जींत थोडक्या आज्ञा असून प्रत्येकीस पटण्यासारखें कारण आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आज्ञा चुकली तर यंत्र ओरडतें. विवेचन चुकलें तर कोणी ओरडत नाहीं. आज्ञा बदलली आणि वरचा परिच्छेद तसाच राहिला, तर तो परिच्छेद खोटी साक्ष देऊं लागतो, आणि खोटी साक्ष मौनाहून वाईट. ह्यावर यंत्रापाशीं उपाय नाहीं. तो लेखकाच्या शिस्तींतच आहे. आज्ञेस हात लावला, कीं वरचा परिच्छेद वाचल्यावांचून उठूं नये.

तिसरें पथ्य उतरलेल्या फाईलीचें. घाईंत कोणी मूळ फाईल सोडून उतरलेल्या फाईलींतच बदल करतो, आणि पुढच्या वेळीं गुंतविण्याची क्रिया झाली कीं तो बदल पुसला जातो. खतावणींत परस्पर खाडाखोड करून कीर्द तशीच ठेवावी, तसा हा प्रकार. म्हणून उतरलेल्या फाईलीच्या माथ्यावर ‘ही फाईल यंत्रानें उतरली आहे, बदल मुळांत करावा’ अशी ओळ असावी. कीर्दींत जसें खातेपान लिहितात, तशी मुळाकडे नेणारी खूण प्रत्येक तुकड्यापाशीं घालण्याची सोयही ऑर्गमध्यें आहे.

चौथें, परवलीचे शब्द. बँकेचे किंवा टपालाचे गुप्त शब्द अशा फाईलींत कधींही लिहूं नयेत. जी फाईल वाचली जावी म्हणूनच लिहिली आहे, ती कोणीही वाचील. आणि शेवटचें पथ्य प्रतींचें. ‘गिट’ हें लिनस टोरवाल्ड्स ह्यांनीं २००५ मध्यें लिहिलेलें साधन फाईलीचा प्रत्येक बदल तारखेसह जपून ठेवतें. मूळ ऑर्ग फाईल त्याच्या स्वाधीन केली, म्हणजे आज काय आहे एवढेंच नव्हे, तर गेल्या वर्षीं काय होतें व तें कां बदललें, हेंही पाहतां येतें.

हें कोणीं करावें?

कोणी म्हणेल, हा सारा खटाटोप आज्ञावली लिहिणाऱ्या व्यावसायिकांचा. घरगृहस्थीच्या माणसास त्याचें काय? आमचें मत उलट आहे. मोठ्या कचेरींत एक मनुष्य गेला तर त्याच्या जागीं त्याच विद्येचा दुसरा येतो. घरांत तसें होत नाहीं. घरांतील एकाच मुलाला किंवा मुलीला ह्या यंत्राचें ज्ञान असतें. त्याच्या भरंवशावर आजोबांचें लिखाण, आईच्या कृतींची वही, जमिनीच्या कागदांच्या प्रती, सगळें उभें असतें. तें मूल शिक्षणास पुण्यास गेलें किंवा नोकरीस परदेशीं गेलें, कीं रोज रात्रीं दूरध्वनीवर ‘आतां कोणती कळ दाबूं?’ हा प्रश्न सुरू होतो. दूरचा मनुष्य कंटाळतो. घरचा मनुष्य ओशाळतो. आणि एकदां ओशाळलेला वृद्ध मनुष्य लिहिणेंच सोडून देतो. खरी हानि ही आहे.

म्हणून ज्या घरांत असें एखादें मूल असेल, तेथील वडील मंडळींनीं त्याच्याकडून एवढें मागून घ्यावें, कीं बाबा रे, आम्हांसाठीं जें कांहीं करशील तें मराठींत, कारणासह, एका फाईलींत लिहून ठेव. आणि जाण्यापूर्वीं ती फाईल आम्हांस एकदां वाचून दाखव. वाचतांना जें वाक्य आजीला कळलें नाहीं, तें पुन्हा लिही. साधन ईमॅक्स असलेंच पाहिजे असें नाहीं. दुसऱ्या कोणत्याही साधनाची मांडणी असो, किंवा भ्रमणध्वनींतील सोयींची यादी असो. ऑर्गची सोय नसेल तर साध्या वहींतही हें करतां येईल. फक्त आज्ञा व कारण एकमेकांपासून दूर ठेवूं नयेत.

तरुण वाचकांस आमचें सांगणें एवढेंच, कीं ज्या दिवशीं मांडणी जमते त्या दिवशींचा आनंद मोठा असतो, आणि त्याच दिवशीं दहा मिनिटें अधिक बसून तिचें कारण लिहिण्याचा कंटाळाही मोठा असतो. तीं दहा मिनिटें यंत्रासाठीं नसतात. यंत्राला आज्ञा पुरते. तीं आपल्यामागून त्या खुर्चींत बसणाऱ्या माणसासाठीं असतात. आणि कित्येकदां तें माणूस म्हणजे पांच वर्षांनीं तेथें परत बसलेले, सर्व विसरलेले, आपण स्वतःच असतों.